बीएस्सी झालंय, आयटीत जायचंय. क्लासला १ लाख ४० हजार भरू का घरीच लॅब लावून सर्टिफिकेशन देऊ?

केळीबाग_चोपडा:

राम राम मंडळी. मी चोपडा तालुक्यातली, बीएस्सी फिजिक्स झालंय आपल्याच विद्यापीठातून, ६८ टक्के आहेत. वर्ष झालं घरीच आहे, पप्पांचा केळीचा हिशोब, खताची बिलं, मजुरांचे पैसे सगळं मीच बघते पण नोकरी नाहीये. कॉम्प्युटरचं म्हणाल तर एमएससीआयटी केलंय तेवढंच, पण मला त्यात मन लागतं, गल्लीत कोणाचं वायफाय बंद पडलं किंवा सोसायटीच्या ऑफिसात प्रिंटर अडला की मला बोलवायला येतात आणि ते चालू झालं की मला जे वाटतं ना ते फिजिक्सचा पेपर सोडवून कधी वाटलं नाही.

पुण्याच्या एका क्लासवाल्यांचा फोन येऊन राहिलाय १५ दिवसांपासून. नेटवर्किंग, क्लाउड, सायबर सिक्युरिटी सगळं ६ महिन्यात, १०० टक्के प्लेसमेंट, फी १ लाख ४० हजार, राहणं खाणं वेगळं. यंदा आमच्या बागेत सीएमव्ही हा केळीचा व्हायरस रोग आला, निम्म्याच्या वर रोपं उपटून फेकावी लागली, पैसे अडकलेत. तरी पप्पा म्हणतात भर, मम्मीची पोत गहाण ठेवू, पोरगी शिकली पाहिजे. मला रात्री झोप येत नाहीये ते ऐकल्यापासून.

कोणीतरी सांगितलं की घरीच लॅपटॉपवर सरावाची लॅब करता येते आणि परीक्षा डायरेक्ट देता येते. खरं आहे का? ए प्लस (हार्डवेअर-सपोर्टचं) करायचं का सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं) का एडब्ल्यूएस (अमेझॉनचं क्लाउडचं)? माझ्याकडे भावाचा लॅपटॉप आहे, आय थ्री, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी. आम्ही मळ्यात राहतो, लाईट शेतीच्या फीडरवर, थ्री फेज आठवड्यानुसार कधी दिवसा कधी रात्री. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. इंग्लिश वाचते, बोलताना अडते. ज्यांनी खरंच केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

भुसावळ_जंक्शन:

ताई, आधी पोतीचं. गहाण ठेवू नका. पप्पांना माझ्यातर्फे सांगा की एका पोराने विनंती केली आहे. क्लास चांगला का वाईट ते मला माहीत नाही पण जे ६ महिन्यात तीन विषय शिकवू म्हणतात ते तिन्हीची तोंडओळखच देऊ शकतात, आणि तोंडओळख फुकटात होते.

आता माझं सांगतो. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स केलं, मार्क सुमार, भुसावळलाच एका ब्रॉडबँडवाल्याकडे महिना ७ हजारावर लागलो. काम काय तर शिडी सायकलला बांधायची, मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत पोलवर चढायचं, लोकांच्या घरातल्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल नसल्याचा, लाल दिवा लागला की फायबर कुठे तुटली ते शोधायचं. केळीचा ट्रक उंच भरलेला असला की वायर ओढून न्यायचा, लग्नाच्या मांडवाचा बांबू लागायचा, उंदीर कुरतडायचे. पॉवर मीटर लावून सिग्नल बघायचो, उणे २७ च्या खाली गेलं की गिर्‍हाईकाचं नेट अडखळणार हे आकडा बघूनच कळायला लागलं. तेव्हा वाटायचं हे काय आयटी आहे का. आज नेटवर्कच्या नोकरीत आहे आणि शपथेवर सांगतो की वरपासून खालपर्यंत दोष शोधत जायची सवय मला त्या शिडीने लावली, आधी दिवा बघ, मग वायर, मग पोर्ट, मग आयपी, मग बाकीचं.

रात्री घरी पॅकेट ट्रेसर घेऊन बसायचो. हे सिस्कोचंच सॉफ्टवेअर आहे, त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीच्या साईटवर फुकट अकाउंट काढलं की मिळतं, खोटे राउटर स्विच जोडून खर्‍या कमांड टाकता येतात. तुमच्या ८ जीबीवर आरामात चालेल, लॅपटॉप गरम पण होत नाही. एकदा उतरवून घेतलं की नेट लॉगिनपुरतंच लागतं, हॉटस्पॉट पुरतो. शिकायला यूट्यूबवर जेरेमीज आयटी लॅबचा सीसीएनएचा पूर्ण कोर्स फुकट आहे, प्रत्येक धड्यामागे लॅबची फाईल पण दिली आहे.

मी पहिल्यांदा नापास झालो ते पण सांगतो म्हणजे तुम्ही ती चूक करणार नाही. व्हिडिओ सगळे बघितले, दोनदा बघितले, बघताना सगळं समजतं. पण समोरचा टाईप करतो आणि आपण मान हलवतो, हात बसत नाही. परीक्षा १२० मिनिटांची, एकदा उत्तर देऊन पुढे गेलं की मागे येता येत नाही, आणि सबनेटिंगला, म्हणजे आयपी पत्त्यांचे छोटे गट पाडायला, मला एकेका प्रश्नाला चार चार मिनिटं लागली, शेवटचे प्रश्न अंदाजाने ठोकले. ३० हजाराच्या आसपास गेले टॅक्स धरून, फीच ३०० डॉलर आहे. घरी सांगायला दोन दिवस लागले. नंतर ५ महिने रोज सकाळी २० सबनेट कागदावर सोडवले. आमच्याकडे कापसाच्या काट्याच्या पावत्यांचा गठ्ठा पडलेला, त्याच्या मागच्या कोर्‍या बाजूवर. १९२.१६८.१०.० ला स्लॅश २६ लावलं तर ६४ चे चार तुकडे, ०, ६४, १२८, १९२ पासून सुरू, प्रत्येकात वापरायला ६२ पत्ते. हे बघताक्षणी सुचलं पाहिजे, तुम्ही फिजिक्सच्या आहात तुम्हाला माझ्या निम्मा वेळ लागेल. दुसर्‍या वेळेस पास.

अभ्यासक्रमात आयपी कनेक्टिव्हिटी म्हणजे राउटिंग एकटंच २५ टक्के आहे, तिथे वेळ घाला. माझा सल्ला सरळ आहे, सीसीएनए.

जळगावकरीण:

अगं, मी जळगावात एका हॉस्पिटलची सिस्टीम बघते, १८० च्या वर कॉम्प्युटर, दोन माणसं. मी बीए मराठी आहे, म्हणजे तू माझ्यापेक्षा बरीच पुढून सुरुवात करतेय. वरच्या भाऊंनी नेटवर्कचं सांगितलं ते बरोबरच, पण आपल्या भागात पहिली नोकरी बहुतेक हेल्पडेस्क किंवा सिस्टीमची असते आणि तिथे विंडोज सर्व्हर येतं का विचारतात, म्हणून मी ती बाजू सांगते.

व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, त्याने लॅपटॉपच्या आतच दुसरे खोटे कॉम्प्युटर चालवता येतात. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांसाठी देतं, विंडोज एंटरप्राइजची ९० दिवसांसाठी. एक सर्व्हर, एक क्लायंट, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी उभी कर, म्हणजे सगळ्यांची खाती आणि परवानग्या एका सर्व्हरवरून सांभाळायची सोय, त्या गटाला डोमेन म्हणतात. क्लायंटला लॅपटॉपवरचं होम एडिशन चालत नाही, ते डोमेनला जोडताच येत नाही, म्हणून एंटरप्राइज. मग समज एक केळीची वखार आहे, मालक, मुनीम, चार क्लार्क, मुनीमाला हिशोबाचं फोल्डर दिसलं पाहिजे क्लार्कला नाही, क्लार्कने पासवर्ड पाच वेळा चुकवला की खातं बंद झालं पाहिजे, सकाळी लॉगिन केलं की प्रिंटर आपोआप आला पाहिजे. एवढं बनवशील ना तर तू रोज जे काम करणार आहेस त्याचा मोठा भाग झाला.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा क्लायंट डोमेनला जोडतच नव्हता. पिंग होतोय म्हणजे हाकेला उत्तर येतंय, सर्व्हर चालू, नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, आणि तरी डोमेन सापडत नाही म्हणून लाल खूण. तीन रात्री गेल्या. फायरवॉल बंद करून बघितलं, सगळं पुसून परत टाकलं दोनदा. तिसर्‍या रात्री आयपी कॉन्फिगचा पूर्ण मजकूर एकेक ओळ बोट ठेवून वाचला तेव्हा दिसलं, क्लायंटच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता कोणाला विचारायचा त्या जागी, गुगलचं ८.८.८.८ टाकलेलं, सवयीने. आता गुगलच्या डीएनएसला माझ्या घरातलं डोमेन कसं माहीत असणार? तिथे सर्व्हरचा स्वतःचा पत्ता टाकला आणि एका मिनिटात जोडला. मी रडले होते त्या रात्री, खरं सांगते, आनंदाने. नंतर इंटरव्ह्यूत मला विचारलं की क्लायंट डोमेन जॉइन होत नाही तर काय बघाल, मी पहिलाच शब्द डीएनएस म्हटला आणि समोरच्या सरांनी पेन खाली ठेवलं. ते माझ्याकडे कुठलंही सर्टिफिकेट नसताना घडलं.

म्हणून एक वही कर. तारीख, काय दिसलं, मला काय वाटलं, खरं काय निघालं, कसं सुधारलं. एवढंच. मी अजून लिहिते. मागच्या महिन्यात एक्सरेच्या खोलीतून फोटो सरकायला फार वेळ लागत होता, सगळे म्हणाले सॉफ्टवेअर. मी जाऊन स्विचच्या पोर्टचा दिवा बघितला, लिंक १ जीबीच्या वेगाऐवजी १०० एमबीची बसलेली. वायरचं टोक कापून बघितलं तर सातवी तार आत पोचलीच नव्हती. १०० च्या लिंकला चारच तारा लागतात म्हणून सगळं चालू दिसत होतं, जीबीला आठही लागतात. परत क्रिम्प केलं, म्हणजे नवं टोक दाबून बसवलं, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ५ रुपयांचं टोक गं. हा क्रम पाठ कर, क्रिम्पिंगचा पाना आणि थोडी वायर घेऊन ओट्यावर बसून २० टोकं कर, पहिली दहा वाया जातील, जाऊ दे.

पाचोरा_०७:

क्लासबद्दल मीच बोलतो कारण मी भरलेत पैसे. नाव नाही घेणार. १०० टक्के प्लेसमेंट म्हणजे काय तर शेवटी एका हॉलमध्ये ४०-५० पोरं आणि कंपनी म्हणून जे आले त्यांनी आधी २५ हजार डिपॉझिट मागितलं. मी उठून आलो, काही पोरांनी दिले. परत क्लासवाल्यांकडे गेलो तर म्हणे आम्ही संधी दिली तुम्ही घेतली नाही, कागदावर तसंच लिहिलेलं होतं बारीक अक्षरात आणि खाली माझीच सही. त्यातच परीक्षेचे डम्प पण दिले होते, म्हणजे चोरलेले प्रश्न, पाठ करा आणि पास व्हा. सिस्कोला कळलं तर सर्टिफिकेट रद्द करतात आणि परत परीक्षेला बसू देत नाहीत. आणि समजा नाही कळलं तरी इंटरव्ह्यूत दुसर्‍या प्रश्नाला तोंड उघडत नाही, माझं तेच झालं.

ताई, नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो तिथून निघायचं. बाकी काही सांगण्याएवढा मी मोठा नाही. आता पाचोर्‍यातच सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं घेतो, बरं चाललंय.

धुळे_रिपेअरवाला:

लॅपटॉपचं मी सांगतो. मॉडेल नंबर मागच्या बाजूला असतो तो बघा, रॅमचे स्लॉट किती आणि एक रिकामा आहे का ते शोधा, बर्‍याच लॅपटॉपला ४ सोल्डर केलेली आणि ४ स्लॉटमध्ये असते, मग ती काढून ८ टाकली तर १२ होतात. डीडीआर ४ आहे का ३ ते बघूनच घ्या नाहीतर खाचच बसत नाही. १६ होत असेल तर तेवढा एकच खर्च करा, दुसरं काही घेऊ नका. लोक जुना सर्व्हर घेतात आणि घरात ठेवतात, आवाज आणि लाईटबिल दोन्ही झेपत नाही. घ्यायचंच झालं तर कंपन्यांतून निघालेले छोटे डेस्कटॉप मिळतात आय फाइव्हचे, ते चांगले.

८ वरच चालवायचं असेल तर विंडोजचे दोन मशीन एकदम उघडू नका, जळगावच्या ताई म्हणतात ती लॅब १६ शिवाय रडवेल. लिनक्सचे दोन एकेक जीबी देऊन सहज चालतात, विंडो नसलेले, नुसत्या काळ्या स्क्रीनचे.

आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये ६४ बिटचा पर्यायच दिसला नाही तर घाबरू नका, बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन बंद असतं, ते चालू करा. माझ्याकडे या एका कारणासाठी लोक लॅपटॉप घेऊन येतात.

केळीबाग_चोपडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं पप्पांना वाचून दाखवलं, पाचोर्‍याच्या भाऊंचं तर दोनदा. ते काही बोलले नाहीत पण संध्याकाळी क्लासवाल्यांचा फोन आला तर त्यांनीच घेतला आणि आम्हाला नको म्हणून ठेवला.

लॅपटॉपला एक स्लॉट रिकामा आहे, बघितलं. अजून तीन शंका. लाईट मध्येच गेली आणि बॅटरी संपली तर ते आतलं मशीन खराब होतं का? परीक्षा घरून देता येते म्हणतात ती मळ्यातून द्यावी का? आणि बायोडाटात अनुभवाच्या जागी काय लिहू, घरची लॅब लिहिली तर हसतील का?

शहादेकर:

मी मूळचा शहाद्याचा, गेली काही वर्षं इन्फ्राच्या म्हणजे सर्व्हर-नेटवर्क सांभाळायच्या टीममध्ये आहे आणि फ्रेशर पोरांचे इंटरव्ह्यू घेतो, म्हणून तिसर्‍या प्रश्नापासून सुरू करतो. हसणार नाही. उलट मी वाट बघत असतो की कोणीतरी लॅबचं बोलेल. फक्त "व्हर्च्युअलबॉक्सचं ज्ञान" असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. लिहा की सहा जणांच्या वखारीसाठी डोमेन उभं केलं, अमुक अडचण आली, अशी सोडवली. आणि तुम्ही केळीचा हिशोब, मजुरांचे पैसे बघता ते पण लिहा, ते काम आहे, चार माणसांच्या तक्रारी ऐकून मार्ग काढायचं काम हेल्पडेस्कला रोज असतं. ज्याला फोनवर चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलता येतं तो मला हवा असतो, कमांड मी शिकवीन.

मी काय विचारतो ते सांगून ठेवतो. एखाद्या कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, म्हणजे काय झालं? आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळाला नाही, मग वायर बघा, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगळे गट) बघा, डीएचसीपीचा साठा संपलाय का बघा. ८.८.८.८ ला पिंग जातोय पण एकही साईट उघडत नाही? डीएनएस. एकाचंच बंद आहे का सगळ्या मजल्याचं? हा प्रश्न तर उमेदवारानेच मला उलटा विचारावा अशी माझी इच्छा असते, दहातले आठ विचारत नाहीत, सरळ उत्तराला धावतात.

भुसावळच्या भाऊंशी एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. सीसीएनएचा अभ्यास आत्ताच करा, पण ३० हजार आत्ताच भरू नका. बागेवर रोग आलेल्या वर्षी ते फार मोठे पैसे आहेत. आधी चोपडा नाहीतर जळगावात जे मिळेल ते घ्या, ब्रॉडबँडवाला, शाळेची लॅब, हॉस्पिटल, पतपेढी, दोन तीन पगार जमले की स्वतःच्या पैशाने परीक्षा द्या. सर्टिफिकेट ३ वर्षांनी संपतं, घरी बसून ते घेतलं आणि नोकरीला वर्ष लागलं तर एक वर्ष तसंच जातं. ए प्लसच्या तर दोन परीक्षा असतात, दोन वेळा फी, आपल्याकडे त्या मानाने कोणी विचारत नाही, अभ्यासक्रम तेवढा उतरवून वाचून काढा, तो फुकट आहे आणि चांगला आहे. क्लाउड नंतर. शिकायला अकाउंट काढलंच तर पहिल्या दिवशी बजेटचा अलर्ट लावा, चालू राहिलेल्या मशीनचं बिल पण चालूच राहतं.

लिनक्स मात्र आत्ता. रॉकी किंवा अल्मा घ्या, रेड हॅटसारखंच आहे आणि फुकट. आरएचसीएसए या रेड हॅटच्या लिनक्सच्या परीक्षेत एकही पर्यायी प्रश्न नसतो, समोर मशीन देतात आणि कामं करायला सांगतात, केलेलं मशीन बंद करून चालू केल्यावर टिकलं पाहिजे, नाही टिकलं तर मार्क नाही. घरी तसाच सराव करा, प्रत्येक लॅबनंतर रीबूट. एफएसटॅबच्या फाईलमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते त्यात असतं) मुद्दाम एक चुकीची ओळ टाका, मशीन उठणारच नाही, मग ते उठवा. स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची प्रत आधी घ्या, पण बिघडलं की लगेच मागे जाऊ नका, एक तास तरी शोधा. त्या एका तासात जेवढं कळतं तेवढं नंतर कशात कळत नाही.

जळगावकरीण:

लाईटचं मी सांगते. बॅटरी आहे तोवर लॅपटॉपला काही होत नाही, पण ती १५ टक्क्यांवर आली की आतलं मशीन सेव्ह करून बंद कर, व्हर्च्युअलबॉक्समध्ये तशी सोय आहे, जिथे होतं तिथूनच परत सुरू होतं. मध्येच मान टाकली तर कधी कधी फाईल बिघडते, म्हणून महत्त्वाच्या मशीनची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेव. लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात दिवसा वहीतलं आणि सबनेटिंग कर, रात्री लॅब. आणि उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर ठेवू नको, खाली पाट ठेव, वर पंखा.

परीक्षा मळ्यातून देऊ नकोस अजिबात. कॅमेर्‍यावर पूर्ण खोली दाखवावी लागते, मध्ये कोणी आत आलं किंवा नेट गेलं तर परीक्षा थांबते. परीक्षा घेणाऱ्या पियर्सन व्ह्यूच्या साईटवर सेंटर शोध, आदल्या दिवशी जाऊन कोणा नातेवाइकाकडे राहा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाक, वडिलांचं नाव मध्ये आहे का नाही ते सुद्धा बघ.

इंग्लिशचं कोणीच बोललं नाही. वहीतली प्रत्येक नोंद तीन ओळी इंग्लिशमध्ये लिही आणि मोठ्याने वाच, केळीला पाणी देताना वाच. इंटरव्ह्यूत तेच बोलायचं असतं, आपण काय केलं ते. दुसरं इंग्लिश नंतर येतं.

भुसावळ_जंक्शन:

शहादेकर भाऊ, तुमचं मला पटत नाही असं आधी वाटलं होतं, पण विचार केला तर मी पण पहिली परीक्षा पगारातूनच दिली होती. बरोबर आहे तुमचं. फक्त ताई, तारीख मनात ठरवून ठेवा, नाहीतर अभ्यास लांबतच जातो.

केळीबाग_चोपडा:

६ आठवड्यांनी येतेय. रॅम टाकली, १६ झाली. वखारीचं डोमेन उभं राहिलं, डीएनएस पहिल्याच वेळी बरोबर टाकलं ताई. क्रिम्पिंगची बारा टोकं वाया गेली, तेरावं लागलं. चोपड्यात एका शाळेची कॉम्प्युटर लॅब बघायला आठवड्यातून तीन दिवस जाते, ३० कॉम्प्युटर आहेत, पगार कमी आहे पण वहीत रोज काहीतरी येतं.

आज पॅकेट ट्रेसरमध्ये अडले आहे. एक स्विच, एक राउटर, व्हीलॅन १० आणि २०. राउटरच्या एकाच पोर्टवर दोन्हीसाठी सब इंटरफेस म्हणजे उपपोर्ट केले, स्विचचं पोर्ट ट्रंक केलं म्हणजे दोन्ही व्हीलॅन त्यातून जातील, गेटवे टाकले. तरी १० मधून २० मध्ये पिंग जात नाही. दोन तास झाले.

भुसावळ_जंक्शन:

राउटर आणि स्विचमधल्या रेघेवर त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे?

केळीबाग_चोपडा:

लाल. दोन्ही टोकांना.

भुसावळ_जंक्शन:

मग सब इंटरफेस सोडा, मुख्य इंटरफेसवर जा. राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात, नो शटडाऊन दिलंय का तिथे?

केळीबाग_चोपडा:

नव्हतं दिलं!! दिलं आता, हिरवा झाला. पिंग गेला भाऊ. पण पहिला टाइम आउट आला आणि पुढचे तीन आले. काही चुकलंय का अजून?

भुसावळ_जंक्शन:

काही चुकलं नाही. राउटरला पलीकडच्या कॉम्प्युटरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) माहीत नव्हता, तो त्याने एआरपीने, म्हणजे सगळ्यांना हाक मारून, विचारला, उत्तर येईपर्यंत तुमचं पहिलं पाकीट टाकून दिलं. आता त्याला माहीत झालाय. परत करा.

केळीबाग_चोपडा:

केलं. चारही आले.